उकळलेली चोच

अकराव्या वर्षी मी एका माणसाचा सूर उकळत्या पाण्यात टाकला, तोही पुण्य लागेल म्हणून, वर शिकेकाई घालून. चौलात आमच्या वाडीला लागून राहणाऱ्या हुक्कामास्तरांच्या मोठ्या क्लॅरिनेटची ती चोच होती. चोच म्हणजे वाजवणारा ओठांत धरतो तो कडक रबराचा काळा, निमुळता तुकडा. आमच्या घरी उष्ट्याचा फार बाऊ, आणि मास्तर ती रोज तोंडात घालून नुसती फडक्याने पुसत. ते आंघोळीला गेले, तशी मी ती उचलली आणि आमच्या न्हाणीच्या चुलीवरच्या हंड्यात सोडली. अक्कल मला तेव्हाही होती, पण बहुधा सोवळ्यात ठेवलेली. मीसुद्धा तिला शिवत नसे.

चोच निघाली ती शेवाळी रंगाची, गंधकासारखा वास मारणारी आणि तोंडाशी वाकडी. तिच्यावर बांधायची वेताची पत्ती काही केल्या बसेना. मास्तरांनी ती उलटसुलट पाहिली, हुंगली आणि विचारलं, "मीठ घातलंस का गं?"

त्यापेक्षा त्यांनी मारलं असतं तर बरं, कारण देवीच्या पालखीला आठच दिवस उरले होते. मास्तर जातीने गुरव. वाडवडील देवीपुढे सनई वाजवणारे. हे मात्र मुरुडला संस्थानच्या बँडात गेले आणि म्हातारपणी हे छातीइतकं उंच, हुक्क्यासारखं वाकलेलं वाद्य घेऊन परतले. पुतण्याच्या सनईखाली आपण यावर खर्जाचा सूर धरायचा, एवढीच त्यांची इच्छा. पंच म्हणाले, देवीपुढे हुक्का नको. मास्तर वर्षभर दर शुक्रवारी देवळाच्या त्याच पायरीवर बसून तेच मागत राहिले. अखेर पंच कंटाळले. या पालखीत ऐकू, म्हणाले, नाही रुचलं तर पुन्हा नाव काढायचं नाही.

चोच उकळली त्याच दिवशी मास्तरांनी मुंबईच्या दुकानाला पत्र धाडलं. आगबोटीने रेवदंड्याला तीन चोची आल्या. एक ठेवून दोन परत करायच्या होत्या. मास्तरांना वरचा एकच दात, आणि चोच त्या दातावर टेकायची. "एक देव, एक दात, पुरे हाय," असं ते नेहमी म्हणत. पण वाजवणाऱ्याला स्वतःचा सूर दाताच्या हाडातून ऐकू येतो, म्हणून तो खोटा, असं त्यांचं मत. दुसऱ्याचा कान हवा, तोही लांबचा. जिने उकळली तिनेच ऐकावं, हा त्यांचा न्याय. मला त्यांनी वाडीच्या टोकाला, विहिरीपाशी उभं केलं.

मी पहिलीच पसंत केली. तिला रुपेरी कडं होतं.

"चकाकी कानाला ऐकू येते व्हय गं?" म्हणत त्यांनी मला पाठ फिरवून उभं केलं.

आता तीच पहिली नुसती माशीसारखी गुणगुणली. दुसरी गोड होती, पण निम्म्या वाडीत सुपारीच्या झाडांतच विरली. तिसरीला वेळ लागला. आधी नुसता श्वासच आला, आणि मग विहिरीच्या काठावरच्या कळशीवर पालथी घातलेली वाटी किणकिणू लागली. मी धावत परत गेले, तर मास्तर लालबुंद होऊन धापा टाकत होते. मी म्हटलं, "तिसरी. पण तुम्हाला दम लागतो, दुसरी घ्या."

"दम हितंच वाढवता येतो," ते म्हणाले. "चोच बोटीनं आणावी लागते."

उरलेले दिवस ते रोज सकाळी दत्ताच्या डोंगराच्या पायऱ्या चढले. मी मागून पाण्याचा तांब्या घेऊन. शिक्षा कुणी दिली नव्हती, मीच घेतली होती.

पालखी निघाली. पुतण्याची सनई वर गेली आणि खालून मास्तरांचा सूर आला, अगदी जमिनीतून आल्यासारखा. वेशीच्या वळणावर ते दम घ्यायला थांबले. सनई एकदम पोरकी वाटली. सगळ्यात तिरसट पंच मागे वळले आणि म्हणाले, "मास्तर, थांबलात का?"

त्यानंतर त्यांना कुणी थांबवलं नाही. पाच वर्षांनी माझं लग्न झालं. आगरदांड्याहून होडीने दिघीला सासरी जायचं होतं. मी बैलगाडीत बसले, तसे मास्तर आले आणि ती शेवाळी, वाकडी चोच त्यांनी माझ्या ओटीत टाकली. मला वाटलं, आता आशीर्वाद देतील.

"सासरी काही काळं दिसलं," ते म्हणाले, "तर आधी इचार, कुणाचं हाय. मग उकळ."