हॉर्न वाजला की डावीकडे

नरसिंग मास्तरांना बसून क्लॅरोनेट वाजवता येत नाही, ही गोष्ट त्यांच्या वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी नांदेडच्या एका सभागृहात उघडकीला आली. तोवर तशी वेळच आली नव्हती. चाकूरच्या त्यांच्या बँडने निलंग्यापासून लोह्यापर्यंत ज्या वराती वाजवल्या, त्या सगळ्या चालत. आता खुर्चीवर बसवल्यावर मास्तरांचे पाय काही ऐकेनात. वरती सूर निघाला की खाली पाय चालू पडायचे, आणि शेजारचा बासरीवाला आपली पाण्याची बाटली उचलून लांब ठेवायचा.

हे सगळं घडवून आणलं रविकांतने. हा मूळचा लातूरचा मुलगा, पुण्यात राहून सिनेमांना संगीत देणारा. त्याच्या एका मराठी पिक्चरचा नांदेडमध्ये वेगळ्याच तऱ्हेचा खेळ ठरला होता. पिक्चर पडद्यावर, बोलणं पिक्चरमधलं, गाड्याघोड्यांचे आवाजही पिक्चरमधलेच. पण संगीत तेवढं त्यातून काढून टाकायचं आणि ते पडद्यापुढे बसलेल्या चाळीस वादकांनी तिथल्या तिथे वाजवायचं. पिक्चरमध्ये एके ठिकाणी दीड मिनिटाची एकट्या बासरीची जागा होती. रविकांतच्या मनात ती पहिल्यापासून क्लॅरोनेटची होती. मावसभावाच्या वरातीत त्याने मास्तरांना ऐकलं होतं आणि ते काही त्याच्या कानातून जात नव्हतं. म्हणून पुण्याच्या वादकांत त्याने चाकूरचे पाच बँडवाले घुसवले.

मास्तरांनी घरी सांगितलं तेव्हा सुमनबाई भाकरी थापत होत्या.

"म्हंजे पिक्चरची वरात काढून राहिलेत का?"

"तसंच समज. पर हितं कुणी नाचणार न्हाई. बसून ऐकणार हायत."

"ऐकणार?" सुमनबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. "चाळीस वर्सं तुम्ही वाजवीत गेलाव अन् लोक नाचीत गेले. ऐकाया कवा कोण थांबलंय?"

बोलणं लागलं, कारण ते खरं होतं. आणि त्या न थांबणाऱ्यांत सुमनबाई स्वतःही होत्या. बँडवाल्याची बायको वरातीत कशाला जाईल? मास्तर घरी परतले की त्या दारातूनच एक प्रश्न विचारत: "जेवलाव का?" बँडवाल्यांना वाढायचं सगळ्यांत शेवटी, हा लग्नघरांचा रिवाज, म्हणून हा प्रश्न. माणूस भल्या मनानेच विचारत होतं. पण एकदा, फक्त एकदा तिने "कसं वाजलं?" असं विचारावं, एवढी मास्तरांची इच्छा चाळीस वर्षं तशीच राहिली होती. ते दीड मिनिट त्यांना सुमनबाईंना ऐकवायचं होतं. बाकी नांदेडने ऐकलं तर ऐकलं.

लेक लुंबिनी नांदेडला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कारकून आहे. तिने आईसाठी पहिल्या रांगेतलं, कडेचं तिकीट काढलं. "पाठ टेकाया हाय ना?" एवढी खात्री करून घेऊन सुमनबाई तयार झाल्या.

तालमीत मात्र मास्तरांची गाडी रुळावर येईना. वादक पडद्याकडे पाठ करून बसायचे आणि समोर रविकांत हात हलवायचा. मास्तरांच्या एका कानात वायरचं बोंडूक, म्हणजे इअरफोन, त्यात टिक, टिक, टिक. ती टिकटिक संपली की थांबायचं. पहिल्या दिवशी मास्तर वीस सेकंद जास्त वाजवून गेले. दुसऱ्या दिवशी तीस.

"मास्तर, थांबायला पाहिजे," रविकांत काकुळतीला आला. "पुढचा सीन सुरू होतो ना!"

"वरातीत पाय थकले की आपण थांबतो. हितं पाय कुणाचे बघू?"

"माझा हात बघा."

"हात कवा थकतो ते कळत न्हाई, बापू."

रविकांत हसला, पण मग त्याने खरं ते सांगून टाकलं. पिक्चर कुणासाठी थांबत नाही. उद्या सकाळच्या तालमीतही लांबलं, तर ती जागा परत बासरीला द्यावी लागेल. बासरीवाला बिचारा सज्जन. त्याने त्या क्षणी छताकडे बघितलं. त्या दिवशी मास्तर लुंबिनीच्या घरी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे वटारून हाताकडे बघत, घाम गाळत ते दीड मिनिट बरोबर दीड मिनिटात बसवलं. बसलं खरं, पण एखाद्याने पावतीबुकावर सही करावी तसं वाजलं. रविकांत "छान" म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला. मास्तरांना सगळं कळलं.

आता दोन गोष्टी इथे सांगायलाच हव्यात, नाहीतर पुढचं समजायचं नाही. तालमीला पिक्चर मुका होता. बोलणं आणि बाकीचे आवाज फक्त रविकांतच्या कानात. सभागृहात नुसतं वाजवणं. आणि दुसरी गोष्ट मास्तरांच्या उस्तादांची. त्यांनी पोरांना सरगम शिकवायच्या आधी एक कायदा शिकवला होता: "हॉर्न वाजला की डावीकडं सरायचं, वळून बघायचं न्हाई, अन् सूर तोडायचा न्हाई." ज्याची सगळी उमर ऊस भरलेल्या ट्रकांकडे पाठ करून, नवरदेवाकडे तोंड करून वाजवण्यात जाते, त्याला याहून मोठी विद्या कोणती? उस्तादांच्या पायाचा अंगठा एका ट्रकखाली गेला होता. तेव्हाही म्हणे सूर तुटला नव्हता.

रविवारी दुपारी तीनचा खेळ. सभागृह भरलेलं. सुमनबाई ठेवणीतलं निळं लुगडं नेसून, पाठ टेकून बसल्या होत्या. पहिला तास उत्तम गेला. मग ती जागा जवळ आली. सगळे वादक हळूहळू सूर धरू लागले, चाकूरचे पाचही जण त्यांच्यात मिसळले. टिकटिक चालू. रविकांतने मास्तरांकडे बोट केलं, म्हणजे आता तयार राहा.

आणि मास्तरांच्या पाठीमागून ट्रकचा हॉर्न वाजला.

साधासुधा नाही, लांबलचक, घाटातला. पडद्यामागच्या मोठ्या स्पीकरमधून तो थेट पाठीवर आला. मास्तर उठले. क्लॅरोनेट तोंडातच. सूर न तोडता डावीकडे चार पावलं सरकले. त्यांच्यामागे ढोलवाला बालाजी, त्याच्यामागे उरलेले तिघे, सगळे एका तालात उठले आणि रस्ता मोकळा केला. कानातलं बोंडूक निसटून खुर्चीला लोंबत राहिलं. एका व्हायोलिनवालीचा कागदांचा स्टँड आडवा झाला. पडद्यावरून ट्रक धुरळा उडवत निघून गेला आणि सभागृह हसून हसून खुर्च्यांवरून पडायचं बाकी राहिलं. एकाने शिट्टीसुद्धा मारली.

मास्तर भानावर आले ते रंगमंचाच्या टोकाला. टिकटिक नाही. अंधारात रविकांतचा हात नीट दिसेना. इकडून परत खुर्चीकडे जावं तर मध्ये सात व्हायोलिनं. त्यांना वाटलं, झालं, पाण्यात गेलं सगळं. खाली तीन हातांवर सुमनबाई बसलेल्या, त्याही पदर तोंडाला लावून हसत होत्या.

बाकीचे वादक ठरल्याप्रमाणे थांबले. जागा आली. मास्तरांनी मान वळवली आणि त्या टोकावरून त्यांना पहिल्यांदाच पडदा दिसला.

एक म्हातारी होती. लेकीला बसमध्ये बसवून ती एकटी घराकडे निघाली होती. रविकांतने "तिथे एक बाई चालते" एवढंच सांगितलं होतं. तिच्या एका चपलेचा अंगठा तुटलेला होता हे त्याने सांगितलं नव्हतं. ती एक पाय ओढत चालत होती.

मास्तरांना पाय सापडले.

मग कशाला हवा हात आणि कशाला टिकटिक? नवरदेवाच्या ऐंशी वर्षांच्या आत्यासाठी वरातीतली चाल सैल करायची, तिचं पाऊल पडलं की सूर टेकवायचा, ती दमली की आपण दम खायचा, हे काम त्यांनी जन्मभर केलं होतं. ते म्हातारीबरोबर चालायला लागले. तिने पाय ओढला की सूर ओढला. ती बाभळीपाशी थांबली, तेव्हा एकच सूर तसाच धरून उभे राहिले. तिने वळून रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. मग चप्पल काढून हातात घेतली. मास्तर थांबले. दृश्य तिथेच संपलं.

सभागृहात चिडीचूप. कुणी हसेना, कुणी शिट्टी मारेना. चाळीस वर्षांच्या अनुभवाने मास्तरांना या शांततेचा एकच अर्थ माहीत होता: वरात पडली. उरलेला पिक्चर त्यांनी खालमानेने वाजवला. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, तेव्हाही त्यांना वाटलं, त्या पुण्याच्या लोकांसाठी असतील. रविकांत धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडला आणि "पुढच्या खेळाला उभंच राहायचं, तिथंच!" असं काहीतरी म्हणाला. ते त्यांच्या डोक्यात शिरलं नाही.

चाकूरकडे जाणारी एसटी मिळाली तेव्हा ऊन अजून होतं. सुमनबाई खिडकीशी. गाडी नांदेडबाहेर पडली तसं मास्तरांनीच तोंड उघडलं.

"बिघडलं गं. सगळे गप झाले."

सुमनबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू शेजारी कुणी अनोळखी येऊन बसलाय.

"गप झाले न्हाईत. ऐकत होते. माझ्या बाजूचा माणूस रडून राहिला होता."

"अन् तू?"

"मला लुंबिनीला पहिल्यांदा नांदेडला धाडलेला दिवस आठवला. तुम्ही कुठंतरी वरातीत होताव. म्या एकलीच स्टँडवरून आले होते." त्या मास्तरांकडे वळल्या. "तुम्हाला कसं कळलं मी कशी चालत आले ते?"

मास्तरांनी क्लॅरोनेटची पेटी मांडीवर घट्ट धरली. सुमनबाई मग बोलतच सुटल्या. कुठे सूर लांबला, कुठे थांबला, बाभळीपाशी काय झालं, हे सगळं त्या मास्तरांनाच समजावून सांगत होत्या. लोहा मागे पडलं, माळाकोळी मागे पडली. अहमदपूरच्या अलीकडे त्या एकदम दचकल्या.

"अगं बाई! जेवलाव का हो तुम्ही?"

"न्हाई," मास्तर म्हणाले. एवढ्या आनंदाने उपाशी असल्याचं कुणी कधी सांगितलं नसेल.