पंखा लाव आधी
अशी जवळ ये गं, शेजारी राहून किती दिवसांनी तोंड दाखवतीस! हळद शिजायचा वास आला की सांगलीतली ती दुपार आठवते. लेक नुकतीच परदेशी गेलेली. तिला वडलांचा आवाज ऐकता यावा म्हणून थोरल्यानं इंटरनेटवर घरचं पान काढलं आणि ह्यांना माइकसमोर बसवलं. मधे दुसरा आवाज नको म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. मागच्या रानात शिजणाऱ्या हळदीचा वास आत कोंडलेला. हे खाकरले, "पोरी" म्हणाले आणि माझ्याकडं वळले, "अगं, घामानं भिजलो की! पंखा लाव आधी." थोरला हसला, त्यानं तेवढंच पानावर चढवलं. "दिवाळीला नीट बोलतो," हे म्हणाले, अन् दिवाळीआधीच गेले. आता तेवढाच आवाज उरलाय. ऐकताना रडू येत न्हाई, काहीच होत न्हाई. हात आपला पंख्याच्या बटणाकडं जातो. लवकर ये परत, एकटीला मला ते इंटरनेटवरचं पान लावता येत न्हाई.