हा खांब कशाचा?

राज्यांची नवी मांडणी झाली, चांदा जिल्हा आमच्या राज्यात आला आणि महिन्याभरात मी चांदा जिल्ह्यात गेलो. निरोप द्यायला पुणे स्टेशनवर अकरा माणसं आली होती. एकानं हारही आणला होता, विलायतेला जाणाऱ्याला घालतात तसा. बदली होती आलापल्लीजवळच्या एका गावी, जंगल खात्याच्या लाकूड डेपोच्या कचेरीत, आवक-जावक कारकून म्हणून.

बायको माहेरी होती. तिचं पत्र आलं : शनिवारच्या मोटारीनं येते, उतरल्यावर स्वतःची चूल दिसली नाही तर त्याच मोटारीनं परत जाईन. बोलल्याप्रमाणे वागण्याची तिला वाईट सवय होती. मी सोमवारीच भाड्याचं घर शोधायला निघालो.

वडिलांनी शिकवलं होतं की कोणाच्या घरी गेल्यावर आधी घराची स्तुती करावी, मग काम काढावं. पहिला घरमालक धानाचा शेतकरी. त्यानं ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, खोली दाखवली. बोलणं जमत आलं तेव्हा मी मान वर केली, खांबावर थाप मारली आणि म्हणालो, "वा! अस्सल सागवान दिसतंय!"

त्यानं खोलीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाला, "खोली बरी आहे बाबू, पण इथी साप निघते."

दुसऱ्या घरी मी तुळयांची स्तुती केली, तर मालकाचा जावई त्याच दिवशी कायमचा राहायला येणार असल्याचं निघालं. तिसरं घर एका मुसलमान शिंप्याचं. माणूस अदबीचा. दाराची चौकट मी बोटांनी चाचपून पाहिली, तेव्हा तो हळहळून म्हणाला, "बाबूजी, छत बहुत टपकता है." पावसाळ्याला सहा महिने होते.

मग मी साहेबांकडून पत्र आणलं. साहेबांची सही एका ओळीत मावायची आणि पदव्या तीन ओळींत. 'सदरहू कर्मचाऱ्यास निवासस्थान उपलब्ध करून देण्यात यावे', खाली गोल शिक्का. चौथ्या मालकानं शिक्का पाहिला आणि घर मोडकळीला आल्यामुळे आपणच ते सोडत असल्याचं सांगितलं.

शुक्रवारी दुपारी कचेरीतल्या म्हाताऱ्या शिपायाला माझी दया आली.

"बाबू, तुमी लोकायच्या घरी वर काऊन पाहता?"

"स्तुती करतो."

"स्तुती? लोकायले वाटते, पंचनामा करून राह्यले!"

मग त्यानं समजावलं. डेपोतून रीतसर गेलेल्या लाकडावर सरकारी हातोड्याचा छाप असतो; छाप नसलेलं सागवान चोरीचं धरतात. गावातली घरं आज्या-पणज्यांची, हातोडा यायच्या आधीची. पण खांब जुना आहे, हे कचेरीला पटवायचं कोणी? आणि इथे तर कचेरीच घरात येऊन खांबावर थापा मारत होती.

आता गावाच्या टोकाला एका विधवा बाईची खोली तेवढी उरली होती. संध्याकाळी मी तिथे गेलो तो मान खाली घालूनच. जमीन, उंबरा, कोंबड्या, सगळं पाहिलं. वर मात्र पाहिलं नाही.

"बाबू, मान लचकली का?" बाई म्हणाली.

"नाही बाई."

"मंग खाली काऊन पाहून राह्यले? काही हरपलं का?" आणि तिनं खांबावर हात ठेवून सरळच विचारलं, "सांगा, हा खांब कशाचा?"

मी खांब पाहिला. दोन पुरुष उंच, सरळसोट. सागवान म्हणायचं नाही, एवढं पक्कं होतं. दुसऱ्या झाडांची नावं ऐन वेळी आठवेनात.

"बाभळीचा," मी म्हणालो.

बाईनं पदर तोंडाला लावला. शेजारणीला हाक मारून तिनं मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. "एवढी सरळ बाभूळ कुठी पाह्यली जी तुमी? पुण्याले?"

मी लबाड आहे की अडाणी, हे तिला ठरवता आलं नसावं. भाडेकरू म्हणून दोन्ही चालण्यासारखे होते. तिनं किल्ली दिली आणि चुलीसाठी कोपराही सारवून दिला.

शनिवारी मोटार दोन तास उशिरा आली. बायको उतरली, घरी आली, चूल पाहिली आणि मान डोलावली. मला वाटलं, सुटलो. मी विसरलो होतो ते एवढंच, की तिच्या माहेरी लाकडाची वखार होती.

तिनं वर पाहिलं. "अगं बाई! केवढं हे सागवान!"

घरमालकीण दारातच उभी होती. मी जमिनीकडे पाहू लागलो. बाईनं बायकोला आपादमस्तक न्याहाळलं, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबू, साहेबाले सांगा, कचेरीत हिले घेऊ नका म्हणा. तुमीच बरे."