ओळीतला श्वास

१६ जून १९५३, सकाळी साडेसात. त्या वेळी माझी परीक्षा सुरू झाली. बोरीपासून तीन कोसांवर आमची वेदपाठशाळा होती. तिथे मी बारा वर्षे शिकलो होतो. गुरुजी थकले होते आणि त्यांच्या जागी मला बसवावे, असे पंचांच्या मनात होते. निजामी अमलात अशा नेमणुकीला गुरुजींचा शब्द पुरत असे. विलीनीकरणानंतर पंचांना बाहेरच्या विद्वानाची संमती हवीशी वाटू लागली. म्हणून नांदेडहून परीक्षक आले होते. त्यांनी नाकारले असते, तर मला करण्याजोगे दुसरे काही नव्हते. दुसरे कोणतेच काम मी शिकलो नव्हतो.

आमच्याकडे पोथी हातात धरू देत नसत. गुरुजींनी एकदा म्हणायचे, शिष्याने ऐकून दोनदा म्हणायचे. याला संथा म्हणतात. जसे ऐकले तसेच म्हणावे, पदरचे काही घालू नये, हा पाठशाळेचा दस्तूर. त्याचा आम्हांला अभिमान होता. एका सूक्तातील लांब ओळीत आम्ही मध्येच क्षणभर थांबत असू. पेडगावच्या मुंजीत कोणी ती ओळ म्हटली, तर लोक त्या थांबण्यावरून आमची पाठशाळा ओळखत. येलदरीकडचा, माझ्याहून सहा वर्षांनी लहान असा एक विद्यार्थी मात्र ती सलग म्हणत असे. मी त्याच्याकडून ती आठवडाभर घोटून घेतली. दोनदा छडी मारली. मग तोही थांबू लागला.

परीक्षकांनी नेमके तिथे बोट वर केले. मला ओळ पुन्हा म्हणायला लावली. मी पुन्हा थांबलो. त्यांनी उरलेल्या चौघांना म्हणायला लावले. चौघेही थांबले. असा पाठ आपण कुठेच ऐकला नाही, हा कोणाचा, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, आमच्या पाठशाळेचा.

गुरुजी भिंतीला टेकून बसले होते. ते सावकाश बोलले. "तो पाठ नाही. तिथं मला दमा अडवतो." थोडे थांबून माझ्याकडे पाहत म्हणाले, "मला वाटायचं, तुम्ही माझ्यासाठी थांबता."



परीक्षकांनी निर्णय दिला. त्यांची गाडी दिवस मावळण्यापूर्वी निघणार होती. तोवर ओळ सलग म्हणून दाखवली तर संमती, नाहीतर नाही. मी तिथेच प्रयत्न केला. अर्थ ठाऊक होता, स्वर ठाऊक होते. छाती मात्र त्याच जागी अडत होती. बारा वर्षांची सवय होती. अखेर गुरुजींनी येलदरीच्या विद्यार्थ्याकडे बोट दाखवले आणि मला सांगितले, "याच्याकडून संथा घे."

वडील विद्यार्थ्याने धाकट्यापुढे संथेला बसण्याची रीत आमच्याकडे नव्हती. मी बसलो. त्याने विचारले, "दादा, छडी आता माझ्याकडं ठेवायची का?" बाकीचे तिघे हसले. मी हसलो नाही. त्याने ओळ सलग म्हटली, मी दोनदा म्हणून पाहिली आणि दोन्ही वेळा थांबलो. असे दुपारभर चालले. त्याने मला एकदाही मारले नाही. "श्वास लय वर धरता तुमी," एवढेच तो सांगत राहिला.

उन्हे उतरली तेव्हा ओळ सलग आली. परीक्षकांपुढे तीन वेळा म्हटली. त्यांनी पंचांना होकार कळवला आणि दुसऱ्या दिवसापासून शिकवण्याची अनुज्ञा मला दिली. गुरुजींना नमस्कार करायला गेलो, तेव्हा येलदरीच्या विद्यार्थ्याची क्षमा मागितली का, असे त्यांनी विचारले. मागितली नव्हती. परत येऊन मागितली. तो म्हणाला, असू द्या.

त्यानंतर परीक्षकांची वळकटी गाडीत बांधून दिली आणि बैलांना पाणी दाखवले.