कडू कंदाचं लेबल

त्या वर्षी धान निसवायच्या वेळेलाच पाऊस गेला. दिवाळीनंतर मला सरकारी कचेरीतून बोलावणं आलं. मी तेव्हा गोंदियाच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. जंगलात खाण्याजोगं काय काय मिळतं त्याचं चित्रांसह पत्रक करून द्या, देवरीकडच्या गावांत वाटायचं आहे, असं अधिकारी म्हणाले. आपल्या विद्येचा कुणाला तरी उपयोग होणार म्हणून मी खूश झालो. आठ दिवसांत माझ्याजवळच्या दाबून वाळवलेल्या नमुन्यांवरून यादी आणि चित्रं तयार केली.

स्वच्छ प्रत करायला मी एका विद्यार्थिनीला बसवलं. तिचे वडील दरेकसा स्टेशनावर गँगमन होते आणि ती रोज पॅसेंजरने यायची. त्यांच्या गावातून कॉलेजात आलेली ती पहिलीच. अक्षर टपोरं, बोलणं कमी. एका रानकंदाच्या चित्राशी तिचा टाक थांबला.

"सर, हा कडू हाये."

"कशावरून?"

"माय खणून आणते ना. याच्या चकत्या करून रातभर वाहत्या पाण्यात ठेवा लागते. तसाच शिजवून खाल्ला तं वांत्या होतात."

आजूबाजूला चार विद्यार्थी ऐकत होते. चित्राच्या मूळ नमुन्यावरचं 'गोड कंद' हे लेबल माझ्या हातचं होतं.

"वाळलेल्या पानावरून तुला चव कळते का?" मी विचारलं.

मुलं हसली. प्रत पुरी करून तिने माझ्यापुढे ठेवली आणि मी ती त्याच दुपारी कचेरीत दिली.

पुढचे दोन दिवस ती आली नाही. रुसली असेल, असं मी धरून चाललो. तिसऱ्या दिवशी सकाळी ती प्रयोगशाळेच्या दारात उभी होती. हातात दोन काठ्या, दोन्हींवर वेलाचे पिळे जसेच्या तसे, आणि ओच्यात मातीने माखलेला एक कंद.

"पानं सारखीच दिसतात, सर. पण गोडाचा वेल असा उजवीकडे चढते. कडूचा डावीकडे."

मी कपाटातून नमुना काढला. दाबताना वेल सपाट बसत नव्हता, म्हणून मीच त्याचे तुकडे केले होते. एका चिकटपट्टीखाली बोटभर डहाळी उरली होती आणि तिला अजून वेलाचा वेढा होता. भिंगाखाली धरली. डावीकडे.

तरी मन मानेना. तिने आणलेल्या कंदाची चकती मी दिव्यावर उकळली आणि जिभेवर ठेवली. ती कडूजहर होती. मी मोरीवर वाकून थुंकत राहिलो. ती पाण्याचा तांब्या धरून उभी होती.

तसाच कचेरीत गेलो. अधिकारी दौऱ्यावर होते. बाबू म्हणाला, "पत्रकं छापून आली. दोन गठ्ठे इथं आहेत, एक काल सकाळच्या मोटारीने देवरीला गेला."

"हे वाटू नका. चूक आहे त्यात."

"साहेबांची सही झालीय, मास्तर. मी कसा थांबवू?"

मी कागद मागून घेतला. चूक माझी आहे, हे वाटलं तर माणसं आजारी पडतील, असं लिहून खाली सही केली. तो कागद दोनदा वाचून बाबूने गठ्ठे कपाटात टाकले आणि कुलूप लावलं. मोटारस्टँडवर देवरीची गाडी निघतच होती. पायरीवर उभं राहायला जागा मिळाली.

देवरीच्या शाळेत गुरुजींनी पत्रकं आदल्या दिवशीच वाटली होती, बाजारात मोठ्याने वाचूनही दाखवली होती. "आमच्या बाया तं हसल्या," ते म्हणाले. "असा कंद कोन खाते म्हणे." माझा जीव भांड्यात पडतो तोच ते थांबून म्हणाले, "पण सडकेच्या कामावर बाहेरगावचे मजूर आहेत. त्यांनीही नेली."

आम्ही दोघं जवळजवळ धावतच त्या झोपड्यांकडे गेलो. एका झोपडीपुढे एक बाई भिंतीला टेकून बसली होती, चेहरा पांढराफटक. सकाळपासून ओकत होती. तिच्या नवऱ्याने फक्त एक घास खाल्ला होता. मुलांनी कडू म्हणून तोंडच लावलं नव्हतं. दवाखान्यातून कंपाउंडर येईपर्यंत मी तिथेच जमिनीवर बसून राहिलो. त्या पत्रकाचा कर्ता मीच, हे तिच्या नवऱ्याला सांगितलं. दिवस कलताना तिच्या पोटात थोडी पेज ठरली. दुसऱ्या दिवशी ती उठून चालू लागली, तेव्हा मी परतीची मोटार धरली.

अधिकाऱ्यांचं खरमरीत पत्र आलं, प्रिन्सिपॉलांनीही बोलावून सुनावलं. दोन्ही रास्त होतं. मी वर्गात त्याच चार मुलांसमोर तिची माफी मागितली. ती बाकावर संकोचून बसली होती.

नंतर प्रयोगशाळेत मी तिला विचारलं, "पहिल्याच दिवशी जोर धरून का नाही बोललीस?"

"कायले बोलू, सर? तुमी आयकून राहिले होते का?"

तिने नवं लेबल लिहायला घेतलं. कंदाचं नाव, गाव, वेलाची वळण्याची दिशा. 'गोळा करणारा'पुढे आपलं नाव लिहायला ती तयार होईना. शेवटी तिने आपल्या आईचं नाव लिहिलं.