एकेचाळीस सेकंदांची दाद

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार, संध्याकाळी साडेसहा. जागा जळगावातलं एक छोटं सभागृह, श्रोते एकशे अठरा. मंचावर पुण्याचे दोन वादक, एक सॅक्सोफोनवर, एक ड्रम्सवर. धुळ्याहून आलेले क्लॅरिनेटवाले आबा. आणि पुढे उभी राहून हाताने ताल दाखवणारी माझी बायको. आबांचं मानधन पाच हजार ठरलं होतं. दोन हजार आगाऊ दिले होते.

रचना बायकोची. बत्तीस मिनिटांची, राग मारवा, पण बांधणी जॅझची. गाण्याचे क्लास सांभाळून तिला ती लिहायला तीन वर्षं लागली. दुपारच्या तालमीनंतर तिने शेवटचा एक बदल केला आणि पुण्याच्या दोघांच्या कागदांवर पेन्सिलीने एकच शब्द लिहिला : बठ्ठा. तिचं माहेर साक्रीकडचं. घाईत तिच्या हातून अहिराणीच उतरते. अर्थ साधा, इथून सगळ्यांनी वाजवायचं.

त्या दोघांनी तो ‘बैठा’ असा वाचला. ती जागा आली आणि दोघेही वाजवणं थांबवून स्वस्थ बसले. आबा एकटेच वाजवत राहिले, तिने कधी शिकवलं नव्हतं असं काहीतरी. तिचे खुणावणारे हात दोघांच्या ध्यानात येईपर्यंत, नंतर रेकॉर्डिंगवर मोजले तेव्हा, एकेचाळीस सेकंद गेले होते.

महिन्याभराने पुण्याच्या एका समीक्षकाने ते रेकॉर्डिंग ऐकून दोन पानं लिहिली. जॅझ आणि शास्त्रीय संगीत एकत्र आणताना बहुतेक जण दोन्ही एकावर एक ओततात. इथे मात्र जॅझला गप्प बसवून राग एकटा सोडण्याचं धैर्य संगीतकाराने दाखवलं आहे, असा त्यांचा मुद्दा. मी लेख चारदा वाचला. जवळजवळ निम्मी स्तुती त्या एकेचाळीस सेकंदांची होती.

लेख वाचून एका संस्थेने ध्वनिमुद्रिका काढायची तयारी दाखवली. संगीतकाराला दहा हजार. मात्र संपूर्ण रचना आपली एकटीची आहे, असं लिहून सही करायची होती.

मी म्हटलं, कर सही. तालीम तुझी, माणसं तुझी, चूकही तुझीच. बत्तीस मिनिटांत एकेचाळीस सेकंद म्हणजे दोन टक्क्यांच्या जरा वर.

“अहो, टक्के कसले काढता? त्यात माझा एक सूर नाही.”

तिने सही केली नाही. समीक्षकांना फोन करून सगळं सांगितलं, ‘बठ्ठा’सकट. ते बराच वेळ हसले आणि म्हणाले की स्तुतीतला एक शब्दही मागे घेणार नाही, फक्त नाव दुरुस्त करीन. संस्था मात्र अडून बसली. दोन नावं घातली की कागदपत्रं वाढतात, असं त्यांचं म्हणणं. तिने तीन पत्रं लिहिली. तिसऱ्यात, दोन नावं नसतील तर ध्वनिमुद्रिका नको, एवढंच होतं. आठवड्याने त्यांनी मान्य केलं.

तेव्हा आम्ही धुळ्याला गेलो. आबांनी दार उघडलं आणि मान खाली घातली. उरलेले पैसे घ्यायला ते का आले नाहीत, ते तेव्हा कळलं. कार्यक्रम आपल्यामुळे बिघडला, असं ते दोन महिने धरून बसले होते.

“ताई, त्या दोन्ही उगेच बठनात. वरातमा बाजा थांबाडतस नही, म्हणीसन मी वाजाडत राहिनू.”

दोघं गप्प बसले, आणि वरातीत बाजा थांबवत नाहीत, म्हणून वाजवत राहिलो. चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये काढलेल्या माणसाला दुसरं सुचलंच नव्हतं. बायकोने लेख काढून वाचून दाखवला. आबांनी तो भाग पुन्हा वाचायला लावला, आणि मग विचारलं, “हाई मन्हं शे?”

“तुमचंच आहे, आबा.”

संस्थेचे दहा हजार आले, त्यातले निम्मे आणि मानधनाचे राहिलेले तीन, असे एकूण आठ हजार मी आबांच्या हातात दिले.