हवा न मानवणारी मास्तरीण

अठ्ठावन्न साली दिनानाथ मास्तर थळच्या शाळेतून पेन्शनीत निघाले. निरोपाची शाल खुंटीला अडकवून त्यांनी नारळ कमळच्या हातात दिला आणि म्हणाले, "आता आपण गाडी करू या."

कमळला वाटलं, लेकीकडे, पेणला रंगूकडे जायला भाड्याची गाडी करायची म्हणताहेत. तिने विचारलं, "किती दिवसांसाठी?"

"भाड्याची नव्हे गं. स्वतःची. वर छप्पर, आत झोपायला जागा. दसऱ्याला निघायचं, शिमग्याला परत. जिथं जिथं शाळा केली ती सगळी गावं पुन्हा बघायची."

कमळ तो नारळ हातात धरून तशीच उभी राहिली. या दिवसाची ती नवऱ्याहून जास्त वाट बघत होती. पण ती वेगळ्या कारणासाठी.

मास्तरांची नोकरी जिल्ह्याच्या स्कूल बोर्डाची. एका गावात दोन पावसाळे काढले, फार तर तीन, की बदली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असं लोक म्हणतात, पण विंचवाला निदान पाटा-वरवंटा न्यावा लागत नाही. कमळने तो अर्ध्या कुलाबा जिल्ह्यातून फिरवला होता. कुठं तुळस नीट रुजली, शेजारणीशी मन मोकळं करण्याइतकी ओळख झाली, की मास्तर संध्याकाळी तोंड पाडून घरी यायचे. "झाली बदली. दिपोटीपुढं कुणाचं चालतं?" दिपोटी म्हणजे शाळा तपासणारा साहेब. कमळने त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याला इतक्या शिव्या दिल्या होत्या की त्याच्या सात पिढ्यांना उचक्या लागल्या असत्या. प्रत्येक गावच्या देवीला ती नारळ बोलायची, एवढी बदली टळू दे म्हणून. तो नारळ सोलून द्यायचे मास्तरच, तेही अगदी मन लावून, शेंडी राखून.

सगळ्यांत जिव्हारी लागली ती नांदगावची बदली. जंजिऱ्याचं संस्थान खालसा झालं, तिकडेही बोर्डाच्या शाळा निघाल्या आणि मास्तर नांदगावला गेले. तिथं भागुबाई म्हणून एक विधवा होती, मागेपुढे कुणी नाही, नारळाची चार झाडं आणि तीन खणांचं घर. तिचा कमळवर जीव जडला. "बाय, माझ्यामागं ह्या घरात तूच ऱ्हा," असं ती उघड बोलून दाखवायची. कमळने तिथं पहिल्यांदा ट्रंकेच्या तळाची लुगडी बाहेर काढून फळीवर रचली. तिसरा पावसाळा लागायच्या आत बदली आली. निघताना भागुबाई गाडीपाशी आलीसुद्धा नाही. तिला बघवत नसेल, असं म्हणून कमळ सबंध वाटभर रडली होती.

तेव्हा पेन्शन झाली की एक दार, एक चूल आणि तिथून मेल्याशिवाय हलायचं नाही, एवढंच तिचं मागणं होतं. आणि हा माणूस म्हणे गाडी करू या.

"एक फेरी," ती शेवटी म्हणाली. "एकच. मग कुठलंही गाव चालेल मला, पण घर."

"शब्द," मास्तर म्हणाले.

गाडी मात्र झाली झकास. कमळला मनातल्या मनात कबूल करावंच लागलं. बांबूच्या तट्ट्यांचं कमानदार छप्पर, त्यावर ताडपत्री, आत फळ्यांची झोपायची जागा आणि फळ्यांखाली भांड्यांची पेटी. कंदिलाला आकडा, पुस्तकांना झोळी. सुताराच्या डोक्यावर बसून मास्तरांनी एकेक खीळ ठोकून घेतली. थळमधले लोक म्हणाले, मास्तरांनी शाळेला चाकं लावली. मास्तर खूश. त्यांच्या पायाला भिंगरी जन्माचीच होती. आता तिला बैल मिळाले.

पहिले काही दिवस बरे गेले. नागावच्या सुरूंखाली तिने तीन दगडांवर भात शिजवला. गाडी आल्याचं कळताच बाप्ये माणसं धावत यायची, मिशा पिकलेली, आणि मास्तरांच्या पाया पडायची. कुणी पोहे आणायचं, कुणी ताजे बोंबील. मास्तर प्रत्येकाला विचारायचे, "भागाकार येतो का रे आता?" आणि पोट धरून हसायचे. शाळेत त्यांना असं हसताना तिने कधी पाहिलं नव्हतं. हा माणूस मुळात गाडीतच जन्मायला हवा होता, असं तिच्या मनात येऊन गेलं. तेव्हा त्यात राग नव्हता.

नागावातच एक बाई तिला म्हणाली, "आता कशी हाय तब्येत? तुमचं सारखं दुखायचं." कमळ हसली. बाळंतपण सोडलं तर तिने कधी अंथरूण धरलं नव्हतं. हिची गल्लत होत असेल, असं म्हणून तिने सोडून दिलं.

चौलला विहिरीवर पाणी शेंदायला गेली, तर तिथल्या बायका आपसांत कुजबुजल्या. त्यांतली एक पुढं येऊन म्हणाली, "उकळून घ्या हां. तुमाला हितलं पानी बाधतंय न्हवं?" रेवदंड्याला जुन्या हेडमास्तरांची बायको भेटली. तिने कमळला खुर्ची दिली, आग्रहाने बसवलं आणि काळजीने विचारलं, "तुमची प्रकृती इतकी नाजूक. या गाडीत कशा हो निभावता?"

कमळने त्या संध्याकाळी मास्तरांना विचारलं, "मी आजारी असते हे या सगळ्यांना कुणी सांगितलं?"

मास्तर बैलाचा खूर उचलून बघत होते. "लोकांना काहीतरी बोलायला लागतं," ते खुराकडे बघतच म्हणाले.

तिला हे पटलं नाही. एका गावात गल्लत होते. तीन गावांत एकच गल्लत कशी होईल? पण दुसऱ्या दिवशी खाडी ओलांडायची होती. दोन होड्या जोडून त्यांवर गाडी चढवायची, बैलांना चुचकारत पलीकडे न्यायचं, या गडबडीत बोलणं राहून गेलं. पलीकडे बोर्लीच्या मुक्कामातही मास्तर आपल्या विद्यार्थ्यांच्या घोळक्यातून बाहेर पडले नाहीत.

काशीद मागे पडलं आणि मास्तर म्हणाले, "नांदगावला थांबायला नको. बैल दमलेत. सरळ मुरुडला जाऊन विसावा घेऊ."

"दमलेत तर पुढं का न्यायचे?" कमळ म्हणाली. "मला भागुबाईला भेटायचंय."

"ती आता आहे का नाही, कुणास ठाऊक."

"नसेल तर तिचं घर बघेन."

नांदगावात शिरताना मास्तरांनी बैलांना उगाच दोनदा हटकलं.

भागुबाई होती. पडवीत बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होती. केस पांढरे शुभ्र झालेले, नजर मात्र तशीच धारेची. कमळ पायऱ्या चढून तिच्या पायांशी वाकली, तरी तिने हात वर केला नाही.

"आलीस व्हय?" ती म्हणाली. "हवा बदलाया?"

"भागुबाई, मी कमळ."

"वळखलं की. हितली हवा मानवत न्हवती ती मास्तरीन."

कमळ तिथंच जोत्यावर बसली. "मला? इथली हवा? कोण म्हणालं?"

"तुजा मास्तर म्हनला. तू बसलीस तितंच बसला हुता. म्हनला, भागुबाय, माज्या मनात हाय हो ऱ्हायाचं, पन बायकूला हितली हवा मानवत न्हाय. म्हून अलिबागंला जाऊन सायबाच्या हातापाया पडून बदली मागून घेतली." भागुबाईने सुपारीचा तुकडा बाजूला टाकला. "मी काय कुकुलं बाळ हाय? समुद्राची हवा ती, कुनाला मानवत न्हाय? म्हनलं, हवा न्हाय, माजं घर मानवलं न्हाय हिला. तोंडावर गोड बोलली आन् मागनं नवऱ्याला पाठवलंन्. म्हून गाडीपाशी न्हाय आले मी."

कमळच्या डोळ्यांपुढून नागावची बाई गेली, चौलची विहीर गेली, रेवदंड्याची खुर्ची गेली. सगळ्या गावांतून ती एकच बाई होऊन हिंडली होती. दुखणाईत, नखरेल, कुठलंच पाणी न पचणारी. ज्या गावांसाठी ती रडली, त्या प्रत्येक गावाने तिला 'बरं झालं गेली' म्हणून निरोप दिला असणार. आणि ती मात्र वड्याचं तेल वांग्यावर काढत त्या दिपोटीच्या नावाने बोटं मोडत बसली होती.

ती उठून गाडीपाशी गेली. मास्तर बैलांपुढं पेंढा टाकत होते. एवढा पेंढा दोन दिवसांनाही पुरला असता.

"तुम्ही मागून घेत होता बदल्या?"

मास्तरांनी हातातला पेंढा खाली ठेवला. "हं."

"सगळ्या?"

"सगळ्या नाही. पहिली बोर्डाने केली होती."

"मग?"

"ती मला आवडली," मास्तर म्हणाले.

मग ते बोलत राहिले, वर्गात चुकलेल्या पोराच्या आवाजात. "दुसरं वर्ष सरलं की मला सगळं पाठ व्हायचं गं. तीच पोरं, तीच वाट, तोच पार. जीव घुसमटायचा. पण धडधाकट मास्तराला कंटाळा आला म्हणून दिपोटी बदली देतो होय? बायकोच्या दुखण्याला कुणी नाही म्हणत नाही. गावालाही मग तेच सांगावं लागायचं."

"मला का नाही सांगितलं?"

"तू थांबवलं असतंस."

कमळला खरंच वाटलं की आपण थांबवलं नसतं. भांडलो असतो, दोन दिवस अबोला धरला असता आणि मग पाटा-वरवंटा उचलून निघालो असतो, पण माहीत असून. माणूस केसाने गळा कापतो तो असा, आणि तोही नारळ सोलता सोलता.

रात्री ती भागुबाईच्या पडवीत झोपली, मास्तर गाडीत. सकाळी ते तोंड धुऊन आले आणि म्हणाले, "गाडी विकून टाकतो. इथंच राहू. तुझ्या मनासारखं होऊ दे."

आठ वर्षांपूर्वी हे ऐकलं असतं तर तिने देवीला पाच नारळ वाढवले असते.

"नको," ती म्हणाली. "गाडी विकाल आणि या पडवीत समुद्राकडे तोंड करून बसाल. येणारा-जाणारा म्हणेल, मास्तरणीने मास्तरांना दावणीला बांधलं. आता तरी मला कारण करू नका."

तिने गाडीतून आपली ट्रंक काढली. पाटा-वरवंटा तिने गाडीतच ठेवला. मास्तर बराच वेळ जू धरून उभे राहिले. मग त्यांनी बैल जुंपले आणि ते मुरुडच्या वाटेला लागले.

कमळने सगळं खरं सांगितलं, तरी भागुबाईचं मन एका दिवसात निवळलं नाही. "किती दीस ऱ्हानार?" असं ती रोज विचारायची, आणि कमळ रोज "राहणार" एवढंच म्हणायची. एका सकाळी भागुबाईने विचारलं नाही. घर मिळालं होतं, पण कमळला त्यात राहता येईना. पहाटे जाग आली की आज निघायचंय असं वाटून ती अंथरूण गुंडाळायला घ्यायची. फळीवर लुगडी रचायला हात धजायचा नाही. भिंतीत खिळा ठोकताना आपण दुसऱ्याच्या घरात ठोकतोय असं वाटायचं. इतकी वर्षं घर घर करत होती, आणि राहायचं कसं ते शिकायला तिला सवडच मिळाली नव्हती. मास्तरांचा राग यायचा. त्याच्या पाठोपाठ, मुरुडला त्यांना गरम भात कोण घालत असेल, असं मनात यायचं, आणि मग स्वतःचाच राग यायचा.

शिमगा जवळ आला तेव्हा ठमी कोळीण पाटी घेऊन आली. ती बोर्लीहून निघून गावोगाव मासळी विकायची.

"तुमचं मास्तर मुरुडवरनं रातचं हितनंच म्होरं गेलं, आता बोर्लीला हायत," पाटी उतरवत ती म्हणाली. "बायका इचारतात, मास्तरीन कुटं, पुन्यांदा आजारी का? तर म्हनले, ती कदी आजारी न्हवतीच. मीच लबाड बोललो, मला कंटाळा यायाचा म्हून. आवो, साऱ्यांच्या म्होरं, पारावर बसून. कुनी न इचारता पन सांगतात. रेवदंड्यालाबी जाऊन सांगून आलं म्हने. लोक हसतात त्यास्नी."

हे ऐकून कमळला बरं वाटायला हवं होतं. वाटलं ते असं की, एवढ्याशा वाक्याला या माणसाला सबंध जन्म लागला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही.

"आन् तुमाला इचारलंय," ठमी जरा बिचकत म्हणाली, "येऊ का म्हून."

आतून भागुबाई अडकित्ता थांबवून ऐकत होती. कमळने दोन बांगडे बाजूला काढले, मग आणखी एक काढला.

"सांग त्यांना, या म्हणावं," ती म्हणाली. "आणि कंटाळा आला की, मला कंटाळा आला, एवढं तोंडाने सांगून जा म्हणावं. मी अडवणार नाही."